दोन सह्यांचा देशद्रोह

१

सार्जंट नोएल बोदारचं डोकं कपडे बडवायच्या मोगरीनं फोडलं होतं. एका घावात माणूस मेला असता, पण मारणाऱ्याचं एका घावावर भागलं नव्हतं. गोतिएच्या धुलाईशाळेत, दोन हौदांच्या मधल्या फरशीवर बोदार उपडा पडला होता. दोरीवरून घसरलेली एक लिननची चादर त्याच्या रक्तात पडून अर्धी लाल झाली होती.

सेरने गावचा न्यायाधीश आंब्रवाझ त्युफे धापा टाकत तिथे पोचला, तेव्हा मेलेल्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. सगळं गाव बाहेर भिंतीपाशी जमलं होतं. पेरीन लझे या धोबिणीला दोघांनी केसांना धरून उभं केलं होतं आणि बाकीचे तिच्यावर हात साफ करून घेत होते. तिचा वरचा ओठ फाटला होता. तिच्या टोपीवर क्रांतीच्या सरकारनं बायकांना सक्तीचा केलेला फितीचा निळा-पांढरा-तांबडा तुरा होता, आणि त्याच्यावरही रक्त उडालं होतं.

"सोडा तिला!" त्युफे ओरडला.

"नागरिक न्यायाधीश, तू जरा उशीरच केलास," गर्दीतून कप्तान लुबँ देझोर्म पुढे आला. राष्ट्ररक्षक दलाचा हा कप्तान गावचा लाडका होता. तीन आठवड्यांपूर्वी राजाच्या बाजूचे बंडखोर नदीपार आले, तेव्हा यानंच पूल राखला असं सगळे म्हणत. आता सगळ्यांनी एकमेकांना 'तू' म्हणायचं असा पॅरिसचा हुकूम होता, आणि देझोर्मला तो फारच मानवला होता. "बाईचा भाऊ बंडखोरांत आहे, ठाऊक आहे ना? तिनं माझ्या सार्जंटला मारलं. आणि हे बघ, तिच्या एप्रनच्या खिशात काय सापडलं."

त्यानं मूठ उघडली. तळहातावर फितीचा एक ओला तुरा होता. पांढराशुभ्र.

गर्दीतून कण्हल्यासारखा आवाज आला. पांढरा तुरा म्हणजे राजाचा तुरा. ज्यानं तो घेतला तो कायद्याबाहेर गेला, असा मार्च महिन्यातला कायदा होता. त्याला ना पंच, ना वकील, ना अपील. दोन अधिकाऱ्यांनी 'पांढरा तुरा सापडला' असं लिहून खाली सह्या करायच्या, की चोवीस तासांत डोकं खाली. कोंबडीच्या चोरीचा निवाडासुद्धा याहून सावकाश होत असे.

"एक सही माझी झाली," देझोर्मनं कागद पुढे केला. "दुसरी तुझी. उद्या दुपारी पॅरिसचा प्रतिनिधी येतोय, गिलोटिनची गाडी घेऊन. म्हणजे आपल्याला वाटसुद्धा बघावी लागणार नाही."

कागदाच्या कडेला, सहीच्या शेजारी, एक काळा फराटा ओढला गेला होता. कप्तानाला तलवार धरता येते, लेखणी नाही, असं त्युफेच्या मनात आलं. त्यानं कागद घेतला आणि तुराही मागून घेतला.

"आत्ता कर ना सही!" कुणीतरी ओरडलं.

"चोवीस तास दिलेत ना कायद्यानं? मग मी ते घेणार," त्युफे म्हणाला. तो आत प्रेतापाशी गेला.

बोदारची टोपी हौदाशी पडली होती. काळ्या नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, सैनिकाची टोपी. तिच्यावर तुरा नव्हता, आणि जिथे तो असायचा तिथला नमदा ओरबाडून निघाला होता.

"तो तिनं उपटून फेकला असणार," देझोर्म त्याच्या खांद्यावरून म्हणाला. "द्वेष रे, द्वेष. उद्या दुपारपर्यंत, न्यायाधीश. देशद्रोह्याला वाचवणाऱ्यासाठीही एक कायदा आहे, एवढं ध्यानात ठेव."

२

देवळातल्या मूर्ती काढून टाकल्यापासून गावचा तुरुंग तिथेच होता. जिथे पूर्वी लोक पापं कबूल करत, त्या लाकडी खोपटाला टेकून पेरीन बसली होती. तिनं दातांनी ओठ दाबून धरला होता, म्हणून तिचं बोलणं अडखळत होतं.

"साहेब, तुम्ही माझ्या कागदावर सही करून आलात?"

"साहेब म्हणू नकोस. त्याच्यासाठीही पकडतील."

"आणखी काय पकडायचं राहिलंय माझं?" ती हसायला गेली आणि ओठातून रक्त आलं.

त्युफेनं तिला पाण्यात भिजवलेला रुमाल दिला. राजा होता तेव्हा तो कापडहाटात तपासनीस होता. बाई कितीतरी वर्षं त्याच्यासमोर ओल्या कपड्यांच्या गाठोड्याखाली वाकून चालत आली होती, आणि त्यानं तिच्याकडे कधी नीट पाहिलंही नव्हतं. आता पाहिलं, तर ती लेकीच्या वयाची निघाली. त्याला स्वतःची लाज वाटली.

"धुलाईशाळेत कशाला गेली होतीस?"

"बोदारनं इस्पितळाच्या पट्ट्या धुवायला दिल्या होत्या. जखमींच्या. त्या घ्यायला तो स्वतः येणार होता. मी मागच्या दारानं शिरले, तर आत तो कुणाशी तरी बोलत होता. वाफेत दिसलं नाही कोण ते."

"काय बोलत होता?"

"हसत होता. म्हणाला, 'उद्या प्रतिनिधी येऊ दे, मी त्याला पुलाची गोष्ट सांगतो.' एवढंच. पुरुषांचं बोलणं चाललंय म्हणून मी बाहेर विहिरीकडे गेले. परत आले तर तो पडलेला. मी खाली बसून त्याला उलटा करायला लागले, तेवढ्यात कप्तान आणि मालक दारातून आले. कप्तानानं मला केसांना धरून उचललं, एप्रनच्या खिशात हात घातला, आणि बाहेर काढलं ते."

"तो तुरा तू आधी पाहिला होतास?"

"आईशपथ, नाही. साहेब, माझा भाऊ तिकडे गेला हे खरं. त्याला मी दोन थोबाडीत मारल्या होत्या, जाऊ नको म्हणून. गेला तो गेला. त्याचं डोकं त्याच्यापाशी, माझं माझ्यापाशी, असं नाही का चालत?"

असं चालत नाही हे दोघांनाही ठाऊक होतं. सुक्याबरोबर ओलं जळायचे दिवस होते.

त्युफेनं तिला एप्रन काढायला सांगितला. गडद निळ्या रंगाचा, जाड सुती, धोबिणी घालतात तसा. त्यानं खिसा आतून बाहेर उलटा केला आणि खिडकीपाशी नेऊन कितीतरी वेळ पाहत राहिला. खिसा आतूनही तितकाच निळा होता.

"काय दिसलं?" पेरीननं विचारलं.

"काहीच नाही," त्युफे म्हणाला. "तेच तर विचित्र आहे."

३

धुलाईशाळेचा मालक एर्व्हे गोतिए घरात बसून काळ्या गव्हाची धिरडी खात होता, सोबत सफरचंदाची दारू. घरामागे माणूस मेला तरी याची भूक मेली नव्हती. बोदारशी त्याचं वैर जगजाहीर होतं. इस्पितळासाठी म्हणून बोदारनं त्याचं उत्तम लिनन गाड्या भरभरून जप्त केलं होतं.

"तू त्याला भर चौकात म्हणाला होतास की तुझं टाळकं फोडीन," त्युफेनं सुरुवात केली.

"म्हणालो होतो. बायकोलाही रोज म्हणतो, ती बघ कशी धडधाकट आहे." गोतिएनं दारूचा पेला ठेवला. "न्यायाधीश, मी चिडतो, ओरडतो, विसरतो. फोडाफोडी करणारा माणूस ओरडत नसतो."

"पांढरा तुरा तू पाहिलास?"

"पाहिला. कप्तानाचा हात तिच्या खिशात गेला, बाहेर आला तेव्हा तुरा होता. शपथेवर सांगेन. पण बाई तशी नाही हो, हेही सांगेन. अर्थात ते कोण विचारतंय?"

"कप्तान तुझ्याबरोबर कधीपासून होता?"

"तो इथे आला आणि म्हणाला, 'बोदार धुलाईशाळेत आहे, चल, जप्तीचं भांडण मिटवून टाकू.' मला बरं वाटलं. गेलो तर हे." गोतिएनं बाही वर सारली. त्याचा तपकिरी सदरा मनगटापासून कोपरापर्यंत पांढरट, पिवळट ठिपक्यांनी भरलेला होता. त्युफे त्या ठिपक्यांकडे पाहतोय हे बघून तो म्हणाला, "पॅरिसहून आणलेलं जावेल पाणी. पूर्वी कापड पांढरं करायला कुरणावर महिने लागायचे. हे हौदात ओता, प्रार्थना म्हणून होईपर्यंत रंग गायब. एक थेंब उडाला तरी कपड्याचं वाटोळं. माझे, बायकांचे, सगळ्यांचे कपडे असेच."

"आज हौदात होतं?"

"काठोकाठ."

त्युफे उठला. मग काहीतरी आठवून पुन्हा बसला.

"गोतिए, पुलावर त्या दिवशी काय झालं?"

गोतिएनं घास गिळला. "मी तळघरात होतो. सगळेच तळघरात होते. पुलावर फक्त कप्तान, बोदार आणि चार पोरं. पोरं मेली. कप्तानानं पूल राखला असं कप्तानच म्हणतो. बोदारसमोर कुणी ते काढलं की तो नुसता हसायचा. भारी वाईट हसायचा."

त्युफे घरी आला. दार लावून त्यानं तो तुरा टेबलावर ठेवला. नाकाशी धरला, तर डोळ्यांत पाणी आणणारा उग्र वास आला. मागच्या टाचणीच्या वाकड्या टोकात काळ्या नमद्याचे दोन-चार केस अडकले होते.

कापडहाटात लबाड विणकर चांगलं कापड वर दाखवायचे आणि सडकं घडीत दडवायचे. त्यामुळे त्युफेला एक खोड लागली होती. वरचं कापड तो बघतच नसे, आधी घडी उलटायचा. त्यानं सुरी घेतली आणि तुऱ्याच्या मधोमध आवळून घातलेले टाके एकेक करून उसवले. चुण्या सुटल्या. फीत उलगडली.

जिथे टाक्यांनी फीत घट्ट आवळली होती, तिथे आत पाणी पोचलंच नव्हतं. तिथे एक बारीक रेघ निळी होती. दुसरी तांबडी.

४

हा तुरा राजाचा नव्हताच. प्रजासत्ताकाचा होता. बोदारच्या टोपीवरून ओरबाडलेला, आणि त्याच्याच प्रेताशेजारच्या हौदात बुडवून पांढरा केलेला.

त्युफे खोलीत येरझारा घालू लागला. पेरीननं हे केलं असतं? जावेल पाण्यानं निथळणारा तुरा तिनं स्वतःच्या खिशात ठेवला असता, तर निळा खिसा आतून पिवळा पडला असता. खिशाला डागही नव्हता. म्हणजे तुरा खिशात राहिलाच नव्हता. ज्या हातानं तो बाहेर काढला, त्याच हातानं तो आत नेला होता.

पण प्रश्न तो नव्हताच. इतकं सगळं कशासाठी? मोगरी तिथे टाकून, बाईला प्रेताशेजारी पकडून दिली असती तरी खुनाचा आळ आलाच असता की. पांढऱ्या तुऱ्याची गरज काय होती?

आणि मग ते त्याच्या ध्यानात आलं. खून म्हणजे पंच आले. पंच आले की प्रश्न आले. बोदार कुणाशी बोलत होता, कशाबद्दल बोलत होता, सगळे साक्षीदार, सगळं उकरून. देशद्रोह म्हणजे प्रश्न नाहीत. ज्यानं बोदारला मारलं त्याला प्रश्नांची भीती होती, म्हणून त्यानं खुनाला देशद्रोहाचे कपडे घातले. कायद्याची घाई त्याच्या कामाला आली.

दारावर धक्का बसला. कडी मोडून देझोर्म आत आला. बाहेर पाऊस लागला होता, तो निथळत होता.

"सही?"

"दुपारपर्यंत वेळ आहे."

देझोर्मनं त्याचा गळपट्टा मुठीत धरला आणि त्याला भिंतीवर आदळलं. त्युफेचा चष्मा खाली पडला, बुटाखाली चुरडला गेला. "म्हाताऱ्या, ऐक. माझी माणसं पुलावर मेली. माझा सार्जंट मेला. आणि तू एका बंडखोराच्या बहिणीच्या एप्रनशी खेळत बसलास? लोक विचारतायत, न्यायाधीश कुणाच्या बाजूचा?" त्यानं त्युफेचं डोकं पुन्हा भिंतीवर आपटलं. "उद्या प्रतिनिधी आला आणि कागदावर तुझी सही नसली, तर मी दुसरा कागद लिहीन. तुझ्या नावाचा. दुसरी सही करायला गावात खूप जण आहेत."

तो गेल्यावर त्युफे जमिनीवर बसून राहिला. तोंडात रक्त होतं. आपल्याला भीती वाटतेय, हे त्यानं स्वतःशी कबूल केलं. टेबलावर कागद होता, दौत होती. सही केली तर सकाळी गरम दूध प्यायचं, आणि पेरीन लझेचं नाव चार महिन्यांत सगळे विसरतील. त्यानं लेखणी दौतीत बुडवलीसुद्धा.

मग आरशात त्याला स्वतःचा गळपट्टा दिसला. पांढऱ्या कापडावर, जिथे कप्तानाची भिजलेली बाही टेकली होती, तिथे काळे पट्टे उमटले होते. काजळी असेल म्हणून त्यानं बोट फिरवून जिभेला लावलं. लोखंडासारखी तुरट चव.

शाई होती ती. सहीशेजारच्या फराट्यासारखीच. निळ्या कोटाच्या बाहीला माणूस शाई कशाला चोपडेल?

५

गिलोटिनची गाडी चिखलात रुतत चौकात आली, तेव्हा गाव आधीच जमलं होतं. पॅरिसचा प्रतिनिधी तिशीतला, पडशानं बेजार झालेला माणूस होता. तो सारखं नाक पुसत होता. पेरीनला हात मागे बांधून आणलं होतं. तिचे केस मानेवरून कापून टाकले होते. कुणी तिच्यावर शेण फेकलं.

"कागद?" प्रतिनिधीनं हात पुढे केला.

"त्याआधी एक बोलू दे," त्युफे म्हणाला.  गर्दीतून शिव्या आल्या. त्यानं तिकडे लक्ष न देता फीत उलगडून वर धरली. "हा तुरा पांढरा नाही! बघा, टाक्यांच्या आत निळा आहे, तांबडा आहे. हा बोदारचा तुरा आहे. टाचणीत त्याच्या टोपीचा नमदा आहे. मारणाऱ्यानं तो गोतिएच्या हौदात धुऊन पांढरा केला!"

फीत हातोहात फिरली. प्रतिनिधीनं ती डोळ्यांजवळ नेली.

"गोतिएनं केलं!" कुणीतरी ओरडलं. "त्याच्या बाह्या बघा!"

गोतिए पांढराफटक पडला. दोघांनी त्याला धरलं आणि एकानं त्याच्या पोटात गुद्दा घातला.

"थांबा! गोतिएच्या बाह्यांवर डाग आहेत. पेरीनच्याही आहेत. या गावातल्या अर्ध्या लोकांच्या आहेत, आणि कुणीही ते लपवत नाही, कारण तो त्यांचा धंदा आहे. ज्याला ते डाग लपवावे लागले, तो हौदापाशी का गेला होता ते त्यानं सांगावं." त्युफेनं घोड्यांच्या पाण्याच्या टाकीत रुमाल बुडवला. "कप्तान, तुझा उजवा हात दे."

देझोर्म हसला. "म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय."

"मग दे ना हात."

त्यानं हात दिला नाही. प्रतिनिधीनं नुसती मान हलवली, तशी त्याच्या दोन सैनिकांनी कप्तानाचा दंड पकडला. त्युफेनं ओला रुमाल त्या निळ्या बाहीवर जोरानं घासला. रुमाल काळा झाला. शाईखालून कोपरापर्यंत उडालेले पिवळट ठिपके दिसू लागले.



"बोदार आज तुला पुलाची गोष्ट सांगणार होता," त्युफे प्रतिनिधीला म्हणाला. "शत्रूसमोर ठाणं सोडणाऱ्या अधिकाऱ्याला लष्करी न्यायालय गोळी घालतं. पूल कप्तानानं राखला नव्हता. तो पळाला होता. चार पोरं मेली, आणि बोदारनं ते पाहिलं होतं. बोदारचं बोलणं पेरीननं ऐकलं होतं, खुनाची चौकशी झाली असती तर ते बाहेर आलं असतं. म्हणून तुरा."

देझोर्मनं हिसडा दिला. एका सैनिकाच्या कमरेची कट्यार त्याच्या हातात आली आणि दुसऱ्याच क्षणी त्या सैनिकाचा गाल कानापर्यंत फाटला. कप्तान त्युफेवर धावला. बंदुकीच्या दस्त्याचा घाव त्याच्या गुडघ्यावर बसला आणि हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. मग गर्दी पडली त्याच्यावर. कालपर्यंत ज्या बायका त्याला गावचा तारणहार म्हणत होत्या, त्यांनीच मोगऱ्या उगारल्या. सैनिकांनी संगिनी पुढे करून त्याला बाहेर ओढलं, तेव्हा त्याचा एक डोळा मिटला होता आणि दात तुटले होते.

"हो, मारला!" तो रक्त थुंकत ओरडला. "ते कुत्रं दर रात्री मला बघून हसायचं! पळालो, बरं? सहाशे लोक होते समोर, तुम्ही सगळे तळघरात होतात! पण मी खुनी आहे. देशद्रोही नाही. मला पंच द्या. वकील द्या. तो माझा हक्क आहे!"

"आहे," त्युफे म्हणाला. "हा खून आहे, नागरिक प्रतिनिधी. याला जिल्ह्याच्या न्यायालयात पाठवू."

प्रतिनिधी त्याला बाजूला घेऊन गेला. त्यानं पुन्हा नाक पुसलं.

"तू हुशार आहेस. तुझ्यासारखा न्यायाधीश असल्याचा मला अभिमान वाटतो. आता ऐक. हा खुनी ठरला, तर प्रजासत्ताकाचा कप्तान खुनी ठरतो, आणि त्याची कंपनी बंदुका घेऊन या चौकात उभी आहे. हा देशद्रोही ठरला, तर तो आमचा कधी नव्हताच. कायदा म्हणतो, ज्यानं पांढरा तुरा घेतला. यानं घेतला."

"पण तुरा पांढरा नव्हता! मी आत्ताच दाखवलं!"

"मग कुणीच देशद्रोही नाही? हे तू त्यांना सांगशील?" त्यानं गर्दीकडे बोट दाखवलं. "मी आज संध्याकाळी पुढच्या गावी जाणार. गिलोटिन रिकामं परत नेता येत नाही. तुरा एक आहे, कागद एक आहे. त्याच्यावर बाईचं नाव लिहिलेलंच आहे, आणि तिचा भाऊ बंडखोर आहे, हे तुझ्या पुराव्यानं बदललेलं नाही. मी ते नाव आणि कप्तानाची सही खोडतो, दुसरं नाव घालतो. पहिली सही माझी. दुसरी तुझी. नाही केलीस, तर नाव आहे तसं राहील."

त्युफेनं पेरीनकडे पाहिलं. ती त्याच्याकडेच पाहत होती. तिला यातलं काही ऐकू येत नव्हतं, फक्त त्याचं तोंड दिसत होतं.

त्यानं लेखणी घेतली.

६

देझोर्मला मोडक्या गुडघ्यानं चढता येईना, म्हणून त्याला पोत्यासारखं उचलून वर नेलं. तो शेवटपर्यंत 'पंच, पंच' म्हणत होता. पातं पडलं, आणि चौकातल्या लोकांनी टोप्या उडवल्या. प्रतिनिधीचा कारकून कागदावर शाई सुकवायची वाळू टाकून त्याची घडी करत होता. त्यावर लिहिलं होतं की नागरिक देझोर्मकडे पांढरा तुरा सापडला, आणि खाली दोन सह्या होत्या.

गर्दी पांगली. कुणीतरी पेरीनचे हात सोडून दिले होते. ती दोरीचे वळ चोळत उभी होती. मग ती त्युफेकडे आली.

"मालकानं मला वाचून दाखवला कागद," ती म्हणाली. "साहेब, तुरा पांढरा नव्हता ना?"

"नव्हता."

"तुम्हीच सगळ्यांना दाखवलंत, निळा आहे, तांबडा आहे म्हणून. मग पांढरा असं लिहिलेल्या कागदावर सही कशी केलीत?"

"नसती केली, तर तुझं नाव राहिलं असतं त्याच्यावर."

तिनं मान डोलावली. हे तिला समजलं.  कापलेल्या केसांमुळे तिची मान फार बारीक दिसत होती.

"आणि काल टाके उसवल्यावर आत काहीच सापडलं नसतं, तर?"

त्युफेला खोटं बोलता आलं असतं. त्या एका दिवसात त्यानं एकदा सहीनिशी खोटं केलंच होतं, आणखी एकानं काही बिघडणार नव्हतं. पण तिच्या फाटक्या ओठाकडे बघून त्याची जीभ वळली नाही.

"तर तुझ्या नावावर केली असती," तो म्हणाला. "लेखणी दौतीत बुडवली होती मी."

 पेरीननं खाली वाकून पायांशी पडलेली आपली टोपी उचलली, झटकली आणि डोक्यावर घातली. नदीकडे जाणारी वाट त्युफेच्या मागूनच होती. ती दोन पावलं मागे सरली, आणि चावऱ्या कुत्र्याला टाळून जावं तशी लांबून वळसा घालून घरी गेली.